शांत झालेलं टॅपेट

“काका, फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला की इंजिन कमी तापतं ना?”

मे महिना उजाडला की हा प्रश्न गॅरेजमध्ये सारखा कानावर पडतो. लडाखला निघालेली पोरं असतात आणि गाडी बहुतेक वेळा हिमालयन, ४११ सीसीची. त्यांची काळजी खरी असते. सिंहगड रोडला सिग्नलवर उभं राहिलं की गुडघ्यांना झळ लागते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की जळलेला वायू मोकळा सुटला की उष्णताही त्याच्याबरोबर जाते.

ऐकायला पटतं, पण इंजिनाचा हिशेब वेगळा आहे. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला फार तर पाव ते एक तृतीयांश भाग कामी येतो. उरलेली काही एक्झॉस्टमधून जाते, काही हेड, बोअर आणि तेलात मुरते. या गाडीला रेडिएटर नाही, पुढे छोटा ऑइल कूलर आहे. म्हणजे हेडमध्ये मुरलेली उष्णता फिन्सवरून जाणाऱ्या वाऱ्यानं आणि तेलानं काढायची. सिग्नलला गाडी उभी राहिली की वारा थांबतो. त्या वेळी मागचा पाइप कितीही मोकळा असला तरी हेडला त्याचा फारसा उपयोग नाही.

पाइप बदलल्यानं खरं बदलतं ते हवा-पेट्रोलचं मिश्रण. हेडपासून निघणाऱ्या बेंड पाइपातला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो. हलक्या थ्रॉटलवर ईसीयू त्या निरोपावर पेट्रोल कमी-जास्त करतो आणि थोडाफार फरक सांभाळून घेतो. मात्र थ्रॉटल पूर्ण उघडला की तो सेन्सरकडे बघत नाही, कंपनीनं मूळ सायलेन्सर धरून भरलेल्या मॅपप्रमाणे पेट्रोल सोडतो. वायू आता जास्त मोकळा वाहतोय हे त्या मॅपला माहीत नसतं, म्हणून मिश्रण लीन होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. मागे माणूस, दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या, समोर वरंधा घाटाचा चढ: जिथं इंजिनावर सगळ्यात जास्त भार, तिथंच ते जास्त तापतं. गाडी कमी तापावी म्हणून केलेल्या खर्चाचं असं फळ मिळतं.

याच कामातून नेमका उलटा बिघाडही येतो. घाईत बेंड पाइप बदलताना जुनंच गॅस्केट पुन्हा चढवलं जातं आणि सेन्सरच्या अलीकडे सांध्याला बारीक गळती राहते. एक्झॉस्टचा प्रत्येक ठोका गेला की मागे क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, ईसीयू पेट्रोल ओतत राहतो. प्लग काळा पडतो, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात आणि न जळलेलं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचा तेलाचा पापुद्रा धुऊन नेतं. या इंजिनाचा बोअर ७८ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी. मिनिटाला ६५०० फेऱ्यांना पिस्टन सरासरी सेकंदाला साडेअठरा मीटरच्या वर धावतो. त्या वेगाला रिंग आणि बोअर यांच्यामध्ये तो पापुद्रा नसेल तर झीज किती होईल, हे निराळं सांगायला नको. पोरांना फटाके आवडतात. मला मात्र ते ऐकताना बोअर डोळ्यांसमोर येतो.

माझी खरी तक्रार आवाजाबद्दल आहे, आणि ती समजायला टॅपेटचं काम जवळून बघावं लागतं. हिमालयनच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह, टॅपेट साधे स्क्रू आणि लॉकनटचे. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर सकाळी मी झाकणं काढतो, पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणतो, कॉम्प्रेशनचाच स्ट्रोक आहे ना ते रॉकर हलवून बघतो आणि फीलर गेजची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या गॅपमध्ये सरकवतो. पाती नुसती घसरता कामा नये आणि अडकताही कामा नये, बोटांना किंचित ओढ जाणवली पाहिजे. एक्झॉस्टचा गॅप इनटेकपेक्षा जास्त ठेवतात, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि तापून लांबतो. त्याची उष्णता बाहेर पडायची मुख्य वाट म्हणजे सीट. तो बंद असताना त्याची कड सीटला टेकते आणि तेवढ्या क्षणात उष्णता हेडमध्ये उतरते.

इंजिन सतत वाजवीपेक्षा जास्त तापत राहिलं की ही कड आणि सीट झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो आणि गॅप बुजतो. मग तो पुरता बसत नाही, न बसल्यामुळे आणखी तापतो आणि शेवटी कड जळून कॉम्प्रेशन जातं. हे होत असताना टॅपेटचा आवाज वाढत नाही, कमी होत जातो. टिकटिक वाढली म्हणून घाबरून आलेल्या माणसाला मी धीर देतो. टॅपेट आपोआप शांत झालेल्या गाडीची मला खरी काळजी वाटते.

हा फरक कानाला कळतो, पण इंजिन ऐकू आलं तर. डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारी नळी, काढलेल्या पाइपामागे टॅपेट, टायमिंग चेन, बेअरिंग सगळं बुडून जातं. रोज गाडी चालवणाऱ्याला आपल्या इंजिनाचा बदललेला सूर माझ्याआधी कळायला हवा. तो कानच मोठा पाइप काढून घेतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि पोलीस सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, ते योग्यच आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला इंजिन ऐकू येण्याचं कारण जास्त मोलाचं वाटतं.

सायलेन्सरबरोबर बरेच जण उघडा एअर फिल्टरही बसवतात. त्याला मी स्पष्ट नाही म्हणतो. कोकणातली तांबडी माती असो की स्पितीतली पांढरी धूळ, तिच्यातले कठीण कण रिंग आणि बोअर घासून काढतात. ते नुकसान कुठलाही मॅप भरून काढत नाही.

वजन कमी करायला सायलेन्सर बदलणं मी समजू शकतो. मूळचा जड आहे आणि खडकाळ उतारावर हलकी गाडी सोपी जाते. बेंड पाइप आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून, नवं गॅस्केट घालून, आवाज मर्यादेत राखणारा स्लिप-ऑन कुणी आणला तर मी आनंदानं बसवतो. त्यानंतर घाटात एक फेरी मारून प्लग काढून बघतो. उमलिंग ला ५७९८ मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. तिथली पातळ हवा सांभाळायला ईसीयूकडे दाबाचा सेन्सर आहे, पण खालीच बिघडलेलं मिश्रण वर जाऊन सुधारत नाही.

म्हणून लडाखची गाडी माझ्याकडे आदल्या संध्याकाळी सोडायची आणि मूळ सायलेन्सर घरी माळ्यावर असेल तर सोबत आणायचा. सकाळी थंड इंजिनावर टॅपेट बघतो, मूळ पाइप लावून गाडी चालू करतो आणि तिच्या मालकाला शेजारी उभं करून ऐकायला सांगतो: हा टॅपेट, ही चेन, हा क्लचचा आवाज. आपला पाइप त्यानं त्यानंतर खुशाल चढवावा.