खर्जातलं दुःख

आजीकडे दुःखासाठी ओव्या होत्या. शिरूर तालुक्यातल्या तिच्या गावी पहाटे जातं फिरू लागलं की तुटलेलं माहेर, गेलेलं लेकरू, नवऱ्याचा अबोला, सगळं तिच्या स्वतःच्या शब्दांत बाहेर यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. शिरूरमधल्या सविंदणे गावच्या बायकाही त्यात आहेत. पुरुषांना भजन होतं, पण तिथं बोलायचं ते संतांच्या शब्दांत. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की माझे वडील, दादा, गप्प बसायचे. आजी गेली तेव्हाही ते गप्पच होते.

दादा दौंडला रेल्वेत होते आणि मी शटलने पुण्याला कॉलेजात जायचो. त्या प्रवासात एका मित्राने थिएटर ऑफ ट्रॅजेडीच्या गाण्यांची सीडी दिली. हा बँड १९९३ मध्ये स्टॅव्हँगरला उभा राहिला. उत्तर समुद्रातल्या तेलावर वाढलेलं नॉर्वेतलं हे शहर. १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये रेमंड रोहोनी खर्जात गुरगुरतो, आणि त्याला लागून लिव्ह क्रिस्टीनचा उंच, नितळ सूर येतो. मागे संथ, जड गिटार आणि पियानो. दोघं एकमेकांची समजूत काढत नाहीत, एकाच दुःखात शेजारी उभे राहतात. पुढे गॉथिक मेटल या संगीतप्रकारात आवाजांची ही जोडी कितीतरी बँडनी उचलली. त्याच शहरातून ट्रिस्टानिया हा बँड आला. शब्द शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीचे, मला फारसे कळायचे नाहीत. पण त्या गुरगुरण्यात दादा मला पहिल्यांदा ऐकू आले.

मग मी त्या आवाजाच्या मागे चालत राहिलो. १९९८ च्या ‘एजिस’मधल्या बहुतेक गाण्यांना पुराणांतल्या, दंतकथांतल्या स्त्रियांची नावं आहेत, आणि तिथं रोहोनीचं गुरगुरणं जवळजवळ थांबतं. तो हलक्या आवाजात बोलू लागतो. लग्नानंतर मी हाच अल्बम सर्वांत जास्त ऐकला. गप्प बसणं आणि ओरडणं यांच्या मधे बोलणं असतं, हे मी तिथं शिकलो आणि घरात बोलू लागलो. २००० च्या ‘म्युझिक’मध्ये यंत्रांचे ठोके आले. जुने चाहते दुरावले, पण रांजणगावच्या कारखान्यातल्या रात्रपाळीनंतर मला ते आपलेच वाटायचे. २००३ मध्ये लिव्ह क्रिस्टीन बँडपासून वेगळी झाली, पुढे तिच्या जागी नेल सिगलंड आली, २००६ च्या ‘स्टॉर्म’मध्ये गिटार परतली. २ ऑक्टोबर २०१० रोजी स्टॅव्हँगरमध्येच शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी बँड थांबवला. त्याच वर्षी मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन हा मेटल बँड ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आला. तो खर्ज आता आपल्याही पोरांचा झाला होता.

आजीच्या पिढीतल्या बायकांचं दुःख कुणीतरी वेळेवर टिपून ठेवलं. त्याच घरांतल्या पुरुषांना काय सोसावं लागलं, त्याची नोंद कुठे नाही, कारण ते बोललेच नाहीत. शिरूर-दौंडकडचं एखादं पोर खोलीचं दार लावून असलं संगीत ऐकत असेल, तर घरच्यांनी त्याला गोंगाट म्हणू नये. शेजारी बसून एक गाणं पुरतं ऐकावं, आणि मग त्याला काय झालंय ते विचारावं.