केस, लेझर आणि मोजपट्टी

प्रकाशाच्या विवर्तनाची ओळख बहुधा सीडीपासून करून दिली जाते. सीडी तिरकी धरली की रंग दिसतात, मुलं हरखतात आणि प्रयोग तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की सुरुवात केसापासून करावी, तीही हातात मोजपट्टी घेऊन. लाल लेझर पॉइंटरच्या तोंडावर एक केस उभा ताणून चिकटवायचा, बटण कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवायचं आणि अंधाऱ्या खोलीत दोन मीटरवरच्या भिंतीवर झोत पाडायचा. केस उभा, पण भिंतीवर उमटते ती आडवी, मधूनमधून तुटलेली लाल रेघ. तिचा मधला उजळ पट्टा इतरांच्या दुप्पट रुंद असतो, म्हणून मोजमाप त्याच्या एकाच बाजूला करावं. प्रत्येक काळ्या जागेच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करायची, पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि मधल्या घरांच्या संख्येने भागायचं. केस ७० मायक्रोमीटर जाड असेल, तर दोन खुणांमध्ये पावणेदोन-दोन सेंटिमीटर भरतात. बारीक केस लावला की खुणा आणखी लांब जातात. अडथळा जितका बारीक तितका प्रकाश जास्त फाकतो, ही विवर्तनातली खरी नवलाची गोष्ट, आणि ती नुसते रंग बघून हाती लागत नाही.

पाठ्यपुस्तकात अरुंद फट असते, मग केस कशाला, असं कुणी विचारेल. दोन ब्लेडांच्या कडा समांतर ठेवणं फार किचकट असतं, केस मात्र आयता मिळतो. शिवाय सरळ जाणारा झोत वगळला, तर तेवढ्याच रुंदीची फट आणि केस भिंतीवर सारखेच पट्टे पाडतात. थॉमस यंगनेही १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यात सूर्यकिरणांच्या वाटेत इंचाच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी रुंद कार्डाची पट्टी धरली होती. तिच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे नाहीसे होत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुणांमधल्या अंतरावरून केसाची जाडी काढायला लेझरची तरंगलांबी लागते, आणि पॉइंटरवरच्या लेबलावर किती भरवसा ठेवायचा? इथे सीडी खरी उपयोगी पडते. तिच्या शेजारशेजारच्या वळशांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. पुठ्ठ्याच्या भोकातून लेझर अर्ध्या मीटरवरच्या सीडीवर काटकोनात पाडला की परतलेला बाजूचा ठिपका भोकापासून साधारण २२ सेंटिमीटरवर पडतो. कोन मोठा असल्याने त्याचा साइन काढावाच लागतो, आणि मग तरंगलांबी ६५० नॅनोमीटरच्या आसपास येते. परतणारे ठिपके चहूकडे जातात, म्हणून सगळी मांडणी डोळ्यांच्या पातळीखाली हवी. स्वस्तातला हिरवा पॉइंटर तर नकोच, त्यातून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटू शकतो.

सीडीचा आकडाही उसनाच, हे मान्य. म्हणून तोच केस शाळेच्या स्क्रू गेजमध्ये धरावा. त्यात ०.०१ मिलिमीटरपर्यंतच वाचता येतं, पण भिंतीवरून काढलेली जाडी त्याच्या आसपास यायला हवी. थोडा फरक राहिला तर लगेच प्रयोगाला दोष देऊ नये. केसाचा छेद पुरता गोल नसतो आणि गेजमध्ये तो चपट्या अंगावर बसतो, म्हणून पॉइंटरवरचा केस जरा फिरवून पुन्हा मोजावं.