घर बांधले, म्हातारपण राहून गेले

माझे अब्बा 1981 मध्ये सौदी अरबला गेले तेव्हा तीस वर्षांचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या काळी जवळपास प्रत्येक घरातला एक तरी माणूस बाहेर होता. कुणी जहाजावर, कुणी कुवेतला, कुणी दुबईला. अब्बा दम्मामला क्रेन दुरुस्तीच्या कामावर लागले. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुटी मिळायची. मधल्या काळात पत्रे यायची आणि गावचे कुणी परत येणार असले की त्याच्या हाती कॅसेट यायची. अम्मी ती टेपरेकॉर्डरवर लावायची आणि आम्ही चारही भावंडे भोवती बसायचो. अब्बा आधी सलाम करायचे, मग एकेकाचे नाव घेऊन अभ्यासाचे विचारायचे आणि शेवटी न चुकता सांगायचे, "ड्राफ्ट पाठवला आहे, मिळाला की कळवा."

2007 मध्ये ते कायमचे परत आले. सव्वीस वर्षे झाली होती. दोन बॅगा, एक जाड ब्लँकेट, आमच्या मुलांसाठी चॉकलेटे आणि हिशेबाचे म्हणून मिळालेले 11,700 रियाल. तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपयांच्या आसपास.

सव्वीस वर्षांचे सव्वा लाख कसे, हे मला तेव्हा कळले नव्हते. नंतर कळले. सौदीच्या कायद्यात नोकरी संपताना मिळणारी रक्कम अशी ठरते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा, तोही शेवटच्या पगाराच्या हिशेबाने. एकाच ठिकाणी सव्वीस वर्षे काढली असती तर साडेतेवीस महिन्यांचा पगार हातात आला असता. पण अब्बांनी दोनदा कंपनी बदलली आणि दोन्ही वेळा हिशेब घेऊन टाकला. पहिला घराच्या स्लॅबमध्ये गेला, दुसरा मोठ्या बाजीच्या लग्नात. शेवटच्या कंपनीत नऊच वर्षे भरली, म्हणून साडेसहा महिन्यांचा पगार. तिथे परदेशी कामगाराला पेन्शन नाही. हाच हिशेब म्हणजे त्याची पेन्शन, आणि ती मध्येच काढून खाल्ली तर पुढे काही उरत नाही.

अब्बांची एक निळी डायरी आहे. पाठवलेला प्रत्येक ड्राफ्ट तिच्यात तारखेसह लिहिलेला आहे. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून एका सुटीत ती घेऊन बेरीज करायला बसले. सव्वीस वर्षांत अब्बांनी घरी 23 लाख 40 हजार रुपये पाठवले होते. समोरच्या पानांवर खर्चही होता. चिऱ्याचे घर, वरचा मजला, मार्बल, तीन मुलींची लग्ने, चाचांच्या दुकानाला मदत, दादीचे आजारपण, मस्जिदीच्या वुजूखान्याला दिलेले पैसे, कुणाकुणाच्या मुलाच्या व्हिसाला दिलेले. एकही खर्च वायफळ म्हणता येणार नाही. आणि एकही नोंद अब्बा व अम्मीच्या साठीनंतरच्या दिवसांसाठी नव्हती. मी पाने दोनदा उलटून पाहिली.

आमच्याकडे घर म्हणजेच शिल्लक असे मानतात. पण सहा खोल्यांच्या घरातली एक खोली विकून महिन्याचे औषध आणता येत नाही. कोकणातल्या गावात भाडेकरू मिळत नाही. उलट दर पावसाळ्याआधी ते घरच पैसे मागते. परत आल्यावर दोनच वर्षांत अब्बा रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले होते. ते आम्हाला मेडिकलवाल्या पोराने सांगितले, त्यांनी नाही.

2014 मध्ये त्यांना छातीत दुखले आणि मुंबईच्या एका रुग्णालयात बायपास करावी लागली. खर्च 2 लाख 80 हजार. सरकारी योजना तेव्हा पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी होती. आमचे कार्ड पांढरे, कारण गल्फवाल्याचे घर. अम्मीच्या बांगड्या गेल्या, मी पतपेढीतून कर्ज काढले, भावाने मित्रांकडून उसने घेतले. तरी साठ हजार कमी पडत होते. मग कुणीतरी, अगदी चांगल्या मनाने, गावात सांगितले आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीत अब्बांच्या नावाने मदतीचे आवाहन झाले. पैसे संध्याकाळपर्यंत जमले. अल्लाह त्या सगळ्यांना बरकत देवो.

अब्बा बरे होऊन घरी आले आणि पुढचे चार महिने जुम्म्याला शेजारच्या गावच्या मस्जिदीत जात राहिले. कुणी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. पण ज्या वुजूखान्यासाठी त्यांनी पैसे दिले होते, तिथे बसून वुजू करणे त्यांना जमेना. त्या चार महिन्यांनी मला विम्याबद्दल विचार करायला लावले. कुणा एजंटाच्या बोलण्याने हे झाले असते असे वाटत नाही.

घरी विषय काढला तेव्हा माझे पती म्हणाले, "विमा म्हणजे मौतीवर लावलेला जुगार. आपल्याला नको." त्यांचे इलेक्ट्रिकचे दुकान आहे, माणूस सचोटीचा, व्याजाचा एक रुपया घरात येऊ देत नाही. मी वाद घातला नाही. मामू आलिम आहेत, आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो.

मामूंनी नुसते हो किंवा नाही म्हटले नाही. ते म्हणाले, आक्षेप खोटा नाही. नेहमीच्या व्यापारी विम्यात व्याज येते, अनिश्चितता येते, म्हणून 1985 मध्ये जिद्दाह येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने त्याला नाजायज ठरवले. पण त्याच ठरावात सहकारी पद्धतीच्या विम्याचा मार्ग दाखवला आहे. तकाफुल तो हाच. सर्वांनी एका फंडात देणगी म्हणून पैसे भरायचे, ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचे, चालवणाऱ्याने ठरलेली फी घ्यायची. सुदानमध्ये 1979 पासून अशी कंपनी आहे, मलेशियात 1984 मध्ये त्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे मात्र तकाफुल कंपनी नाही. सीरियाचे मुस्तफा जर्का यांच्यासारखे काही मोठे फकीह विम्याला जायजही मानत होते. भारतातल्या उलेमांमध्ये दोन्ही मते आहेत. मग ते पतींना म्हणाले, "तुम्हाला पटत नसेल तर घेऊ नका. पण न घेण्याचा अर्थ काहीच न करणे असा नाही. तो पैसा दर महिन्याला वेगळा ठेवता का, एवढेच सांगा."

पती गप्प झाले. आम्ही ठेवत नव्हतो. खरे सांगायचे तर बहुतेक घरांत असेच असते. विमा नको म्हणणारे शंभर असतील तर त्याऐवजी हप्त्याइतकी रक्कम बाजूला टाकणारे मला तरी दोन-चारच भेटले आहेत.

त्या दिवशी मामूंनी हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. ते आजारी असताना आपली सारी संपत्ती दान करायला निघाले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एक तृतीयांशवर थांबवले, तेही पुष्कळ आहे असे म्हटले, आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लागू नये, असे मागे ठेवून जाणे बरे, हे समजावले. हा प्रसंग मी आधी ऐकला होता, मृत्युपत्राच्या संदर्भात. त्या दिवशी मला शेजारच्या गावच्या मस्जिदीकडे चालत निघालेले अब्बा दिसले.

शेवटी आम्ही केले ते असे. आमच्या चौघांचा आरोग्य विमा घेतला, कारण आजारपणाचा खर्च मामूंनीही गरजेत मोडणारा मानला. माझ्या नावावर टर्म विमा घेतला. त्यात जिवंत राहिलो तर काही परत मिळत नाही, आणि म्हणूनच हप्ता कमी असतो. पैसे परत देणाऱ्या पॉलिसी एजंट आधी दाखवतात, पण त्यात संरक्षण थोडे आणि हप्ता मोठा. पतींनी स्वतःच्या नावाने विमा घेतला नाही, मीही आग्रह धरला नाही. त्यांनी दुकानातून महिन्याला तीन हजार बाजूला काढायला सुरुवात केली, शरीअतच्या निकषांवर कंपन्या निवडणाऱ्या म्युच्युअल फंडात. बँका, दारू, जुगार अशा धंद्यांचे शेअर त्यात नसतात. 2020 च्या मार्चमध्ये तो आकडा इतका खाली आला की ते दोन रात्री झोपले नाहीत. पण काढले नाहीत.

लोक मला म्हणतात, तू शिक्षिका, तुला पेन्शनची काय काळजी. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. मी 2006 ची. पगारातून दहा टक्के कापले जातात, पुढे किती मिळेल ते त्यातून जमणाऱ्या रकमेवर. वर्गात चक्रवाढ शिकवताना मी मुलांना महागाईचे उदाहरण देते: वर्षाला 6 टक्क्यांनी भाव वाढले तर 12 वर्षांत खर्च दुप्पट. ते फळ्यावर लिहिताना माझ्याच पोटात गोळा येतो.

ज्यांना मोठा हप्ता झेपत नाही त्यांच्यासाठीही वाटा आहेत. बँक खात्यातून वर्षाला 436 रुपये कापून 2 लाखांचा जीवन विमा मिळतो, 18 ते 50 वयात घेता येतो. 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा. दोन्हीचे वर्ष 1 जूनला सुरू होते, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे असायला हवेत. आमच्या गल्लीत दोघींचा विमा केवळ खाते रिकामे होते म्हणून बंद पडला. दहावी न झालेली मुले ज्या पासपोर्टवर आखातात जातात त्यांना प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे, तीन वर्षांचे 375 रुपये आणि 10 लाखांचे संरक्षण. पण ते अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. नेहमीच्या आजाराने गेला तर ते 10 लाख नाहीत, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र पैशाची नाही, कागदाची आहे. माझ्या मधल्या बाजीचे पती 2019 मध्ये महामार्गावर अपघातात गेले. त्यांची पॉलिसी होती, लग्नाआधी घेतलेली. नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव होते, ते बदलायचे राहून गेले. भावाला वाटले पैसे आपले. खरे तर भाऊ नॉमिनी असेल तर तो फक्त रक्कम उचलणारा. वाटणी वारसांत व्हायची: मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा, बाकी मुलांचे, मुलाला मुलीच्या दुप्पट. हे समजायला चौदा महिने, तीन बैठका आणि दोन घरांमधले बोलणे बंद होणे, एवढे सगळे लागले. उलट बाजूही आहे. जीवन विम्यात आईवडील, पत्नी, पती किंवा मुले नॉमिनी असली तर 2015 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम त्यांचीच मानण्याची तरतूद आली आहे. म्हणजे एकट्या पत्नीचे नाव लिहिले तर म्हाताऱ्या आईचा शरई हिस्सा कागदावर राहत नाही. म्हणून जिवंतपणीच सगळ्यांसमोर बोलून, लिहून ठेवावे. बाजीच्या घरी ती इद्दतमध्ये असताना हे बोलणे सुरू झाले होते. तिच्या खोलीच्या दाराबाहेर.

अब्बा आता सत्तरीच्या पुढे आहेत. 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, रेशनकार्डाचा रंग न पाहता, 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड मिळते. मी त्यांना घेऊन सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने अंगठा ठेवायला सांगितला. मशीनने घेतला नाही. दुसरा अंगठा, मग एकेक बोट. सव्वीस वर्षे ग्रीस आणि लोखंड हाताळून रेषाच राहिलेल्या नाहीत. शेवटी मोबाइलवर नंबर मागवून काम झाले. कार्ड हातात आल्यावर ते लॅमिनेट करून घ्या म्हणाले, आणि परतताना बसमध्ये दोनदा खिशातून काढून पाहिले. त्या आठवड्यात ते आमच्याच मस्जिदीत सर्वांना कार्ड कसे काढायचे सांगत बसले होते.

गेल्या महिन्यात मोठ्या बाजीचा मुलगा दोहाला निघाला. लग्नाला दीड महिना झालेला. निरोपाला सारे घर जमले होते, कुणी पगार विचारत होते, कुणी राहायची सोय. अब्बा डायरी घेऊन आले आणि त्याच्याजवळ बसले. म्हणाले, "कंपनी बदललीस तरी हिशेबाचे पैसे मोडून खायचे नाहीत. घर नंतर बांध." मग त्याच्या फाइलमधला विम्याचा कागद काढायला लावला.

"नॉमिनी कोण आहे?"

"अम्मी. लग्नाआधी भरला होता, नाना."

"आणि आता?"

तो हसला. "नाना, गाडी आली आहे. तिकडे गेल्यावर करतो ना."

अब्बांनी त्याच्या बायकोला हाक मारून बाजूला बसवले, बाजीलाही बोलावले आणि पेन त्याच्या हातात दिले. गाडी वीस मिनिटे उभी राहिली.