कडेचं ताट

सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस मी फळ्यावर कधी लिहीत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. तिथून सरळ रेषेत ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवरच्या औंधला पाचशे पडला तरी माणसं खूश. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं की येणारा पाऊस दोन्हींपैकी एकाही गावाने पाहिलेला नसतो. भूगोलाच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सूत्रं ती रात्रीत पाठ करतात. खरी मेहनत पडते ती ‘ही हद्द कुणी आखली?’ हे विचारायची सवय लावायला.

त्यासाठी औंध फार सोयीचं. यमाईच्या डोंगरावर नेऊन मी त्यांच्यापुढे जुन्या संस्थानाचा नकाशा उलगडतो. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ, सगळे तुकडे विखुरलेले. 1948 साली संस्थान विलीन झालं. आज तेच तुकडे सातारा, सांगली आणि कर्नाटकातल्या विजापूरच्या हिशेबात आहेत. पाऊस पडायचा तिथेच पडतो, सरासरी तेवढी दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली.

औंधच्याच खटाव तालुक्यातल्या बुधला 1911 साली संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जन्मले. पुढे लंडनला संख्याशास्त्रज्ञ नेमनच्या हाताखाली शिकले, रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम मात्र शेताच्या कडेचं आहे. पीक कापणीसाठी छोटी वर्तुळं आखून उत्पन्नाचा अंदाज घ्यायची संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची पद्धत होती. सुखात्म्यांनी 1946 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. कापणारा लबाड नसतो. रेघेवरचं रोप दिसलं की हात आपसूक ते आत ओढतो. वर्तुळाची त्रिज्या दोन फूट असेल तर दर चौरस फुटामागे एक फूट कडा येते, वीस फूट असेल तर त्याचा दहावा हिस्सा. दोन महारथींचा हा वाद बरीच वर्षं चालला. महालनोबिस भौतिकीतून आलेले, पण मातीतल्या या भांडणात मी बुधच्या माणसाकडून आहे. त्यात थोडा गाववाद असेलही.

रब्बीत शाळू कापायला आला की पोरांना शेतात उतरवतो. दोरी ताणून एक लहान, एक मोठा चौकोन आखायचा, दोन्हींतली कणसं तोडून वजन करायचं. दोरी नेमकी एखाद्या ताटाच्या बुडावरून जाते आणि वादाला तोंड फुटतं. मागे एकदा पोरांची अशीच जुंपली असताना शेताचे मालक बांधावर तंबाखू मळत ऐकत होते. महसूल मंडळाचं उंबरठा उत्पन्न आणि पीकविमा यांचं नातं ते माझ्यापेक्षा नीट जाणत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “सर, त्ये ताट भाईर धरा की. उतारा कमी दिसला तरच इमा मिळतोय.”

सुखात्म्यांचा कापणारा रोप आत ओढत होता. आता उलट्या दिशेची ओढ किती, हे मोजायचा तक्ता मी अजून बनवतोय.