जिभेची परीक्षा

उज्जैनमध्ये सकाळी पोहे-जिलबी नको म्हणणारा माणूस एकतर आजारी असावा किंवा परगावचा. आमच्या आजीला मधुमेह जडला तेव्हा आपण या दोहोंपैकी कोणीच नाही, असे तिचे ठाम मत होते! तिच्या चहात सॅकरिनची इवलीशी गोळी पडू लागली. १८७९ साली अमेरिकेत डांबरातल्या रसायनांवर काम करताना योगायोगाने सापडलेला हा पदार्थ साखरेच्या ३०० पटींहूनही गोड. पण त्यामागून येणारा कडवटपणा आजीने पहिल्याच घोटाला ओळखला.

प्रत्येक वेळी जिभेला कळतेच असे मात्र नाही. औषधात घालतात ते ग्लिसरीन गोड, दाट, रंगहीन. डायएथिलीन ग्लायकॉलही तसेच, शिवाय स्वस्त. फक्त ते मूत्रपिंडे निकामी करते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली. भारतीय औषधकोश १९५५ पासून आहे; बाटलीवरची 'आय. पी.' ही अक्षरे त्याचीच. पण आलेले पिंप कुणी तपासलेच नाही, तर ती अक्षरे बिचारी काय करणार?

२०२५ साली आमच्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. या विषाची मर्यादा ०.१ टक्का, तपासणीत निघाले ४८ टक्क्यांहून अधिक. चव गोडच असणार. एकाही मुलाने तोंड वाकडे केले नसेल.