तार, बांबू आणि आकाश

पाऊस उघडला, गच्ची वाळली. आज हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडचा डायपोल अँटेना पुन्हा चढवला. हिशेब सोपा आहे: १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागायचं. ७.१ साठी साधारण २० मीटर तार येते. मधोमध बालन, दोन्हीकडे दहा-दहा मीटर. पण गच्ची काही तेवढी लांब नाही. म्हणून मध्य बांबूवर उंच बांधला आणि टोकं कठड्याकडे उतरती सोडली, उलट्या व्हीसारखी. तार मी मुद्दाम जास्तच ठेवते. कमी करता येते, वाढवणं जिकिरीचं.

अ‍ॅनालायझरवर एसडब्ल्यूआरचा तळ ६.९ वर दिसला, म्हणजे तार लांब. दोन्ही टोकं सारखीच, प्रत्येकी तीसेक सेंटिमीटर दुमडली, तेव्हा तळ ७.१ पाशी आला. आकडा १.३. बरं वाटलं, पण या आकड्यावर भाळू नये. डमी लोडचा एसडब्ल्यूआर तर एकास एक असतो, आणि तो हवेत जवळपास काहीच सोडत नाही.

खरा प्रश्न उंचीचा. या बँडला अर्धी तरंगलांबी म्हणजे २० मीटर. माझी तार स्लॅबच्या त्यामानाने फारच जवळ. त्यामुळे बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते आणि आयनांबरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिघात उतरते. पुण्याहून नागपूर, हैदराबाद छान लागतं. युरोपची आस धरण्यात अर्थ नाही.

नव्याने परवाना मिळालेल्यांना एवढंच सांगेन: विजेच्या तारांपासून लांब राहा, आणि महागडा सेट घेण्याआधी चार पैसे तारेवर आणि उंचीवर खर्च करा.