सांता फे रस्ता

गेलेल्या नवऱ्याविषयी बायकोने लिहायचं म्हटलं की मला आधी रमाबाई रानडे आठवतात. १९१० साली आलेल्या त्यांच्या आठवणींत नवऱ्याचं, न्यायमूर्ती रानड्यांचं, नाव न घेता त्या ‘स्वतः’ म्हणतात. माझी आईही वडिलांना जन्मभर ‘हे’च म्हणाली. त्यामुळे चिलीच्या कार्मेन कास्तियोचा ‘कॅये सांता फे’ (२००७) हा माहितीपट पाहायला बसले, तेव्हा तिचं ते सरळ ‘मिगेल’ म्हणणं कानाला जरा लागलंच.

मिगेल एन्रिकेस हा तिचा सहचर. पेशाने डॉक्टर आणि चिलीतल्या ‘मीर’ या डाव्या क्रांतिकारी संघटनेचा म्होरक्या. ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदेंचं डावं सरकार उलथवलं. मीरने ठरवलं, देश सोडायचा नाही. सान्तियागोत, सांता फे रस्त्यावरच्या एका साध्या घरात दोघं लपून राहिली. ५ ऑक्टोबर १९७४ला लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी ते घर वेढलं. गोळीबारात मिगेल गेला, तीस वर्षांचा. ती जखमी झाली, पोटुशी होती. मग हद्दपारी. इंग्लंडात जन्मलेलं बाळही राहिलं नाही.

इतक्या वर्षांनी ती कॅमेरा घेऊन त्याच रस्त्यावर येते. आपण कसे वाचलो, हे तिला नीटसं ठाऊकच नसतं. ते सांगतो एक शेजारी. संघटनेशी काही देणंघेणं नसलेला, हातावर पोट असलेला माणूस. रस्ताभर बंदूकधारी असताना त्याने तिला दवाखान्यात पोचवण्याची खटपट केली होती. तो बोलतो आणि कार्मेन नुसती ऐकत राहते. मिगेलचं चित्र रेखाटायला आलेली बाई त्या क्षणी मिगेलला विसरली असावी, असं मला वाटलं. तिथे मी फिल्म थांबवली, उगाचच चहा टाकला.

चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. जुन्या सोबत्यांच्या चर्चा मला तरी लांबल्यासारख्या वाटल्या. पण हद्दपारीतून छुप्या लढाईसाठी चिलीत परतताना ज्यांनी आपली पोरं क्यूबात दुसऱ्यांच्या हवाली केली, त्यांची ती पोरं आता मोठी होऊन बोलतात, तेव्हा पाठ ताठ होते. एवढं सगळं केलं ते सार्थकी लागलं का, या प्रश्नातून कार्मेन स्वतःलाही सोडत नाही.

ते घर विकत घेऊन स्मारक करायचं तिच्या मनात होतं. तरुण कार्यकर्त्यांशी बोलल्यावर तिने तो नाद सोडला. चित्रपटाच्या नावातही मिगेल नाही. रस्त्याचं नाव आहे.